वाचकांचे प्रश्न : पारलिंगी स्त्रिया आणि लैंगिक संसर्ग

मागील अंकात तृतीयपंथीयांच्या आरोग्यावरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. ओळख पटेल असा तपशील सर्वच पत्रांतून वगळला आहे.

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी वाचन करताना पुण्यातील हिजडा समाजात एचआयव्हीचे प्रमाण ४५ टक्के असल्याचे एके ठिकाणी आढळले, दुसरीकडे भारतातील आकडा ४ टक्क्यांच्याही खाली दिसला, आणि जगभरासाठी २० टक्क्यांच्या जवळपासचा आकडा सांगितला जातो. यांपैकी खरा कोणता मानावा? (कोथरूड)

उत्तर : तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. मात्र प्रत्येक आकड्याच्या छेदात कोण बसले आहे, हे पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करता येणार नाही. ४५ टक्क्यांचा आकडा पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते २००२ या काळात आलेल्या ८४ हिजडा व्यक्तींच्या नोंदींवरून काढलेला आहे. काही ना काही त्रास होता म्हणूनच ही माणसे दवाखान्यात आली होती. शिवाय तो काळ असा होता की, शासनाकडून मोफत एचआयव्ही औषधे मिळण्यास २००४ उजाडायचे होते. अशा नोंदींवरून दवाखान्याच्या दाराशी काय चालले होते हे कळते, संपूर्ण समाजाचे चित्र कळत नाही. तरीही तो आकडा मी किरकोळ ठरवणार नाही, कारण त्याच दवाखान्यांत येणाऱ्या इतर पुरुषांमधील प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या पाहण्यांमध्ये हिजडा व पारलिंगी (म्हणजे जन्मतः नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणाऱ्या) गटातील एचआयव्हीचे प्रमाण २०१४-१५ मध्ये ७.५ टक्के, २०१७ मध्ये ३.१४ टक्के आणि २०२१ मध्ये ३.७८ टक्के आले. यांतील पहिली पाहणी आणि पुढच्या दोन पाहण्या एकाच पद्धतीने झालेल्या नाहीत, म्हणून ७.५ वरून ३.१४ पर्यंतची उतरण सगळीच कार्यक्रमाच्या यशात धरू नये. पुढच्या दोन पाहण्यांतील व्यक्ती मुख्यतः स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिबंध प्रकल्पांशी जोडलेल्या असतात, म्हणजेच त्यांच्यापर्यंत निरोध आणि तपासणी काही अंशी तरी पोचलेली असते. जी पारलिंगी स्त्री कोणत्याही हिजडा घराण्यात नाही, प्रकल्पात नाही आणि कार्यालयात आपली ओळख दडवून आहे, ती या मोजणीत येतच नाही. देशातील प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. त्याच्याशी ताडून पाहिले तर ३.७८ हा ‘कमी’ वाटणारा आकडासुद्धा अठरा-एकोणीस पटींच्या घरात जातो. जागतिक आकडा अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला असून त्यांतील पुष्कळ अभ्यास देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्येच झाले आहेत, हेही प्रकल्पात नोंदवावे. एचआयव्ही वगळता इतर संसर्गांचे आकडे तर आणखी विखुरलेले आहेत. उपदंशाचे, म्हणजे गरमीचे, प्रमाण निरनिराळ्या देशांच्या अभ्यासांत एक-दोन टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत सापडते. एवढ्या रुंद पट्ट्यातून सरासरी काढून ती पुण्याला लावणे मला पटत नाही.

प्रकल्पासाठी आकड्यापेक्षा त्यामागची कारणे अधिक उपयोगी पडतील. त्यांतील एक कारण शरीररचनेचे आहे. गुदमार्गाचे आतील अस्तर पेशींच्या एकेरी थराचे आणि नाजूक असते. बाधित व उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी निरोधाशिवाय संबंध आल्यास गुदमार्गात स्वीकार करणाऱ्या व्यक्तीला एचआयव्ही होण्याची शक्यता दर १०,००० संबंधांमागे अंदाजे १३८ असते, तर योनिमार्गातील संबंधात ती सुमारे ८ असते. हा फरक लिंगओळखीमुळे पडलेला नाही. त्या मार्गाने संबंध ठेवणाऱ्या कोणालाही तो लागू आहे. दुसरे कारण जाळ्याचे आहे. जोडीदार मिळण्याचे वर्तुळ लहान असेल आणि त्या वर्तुळात संसर्ग आधीच जास्त असेल, तर मोजकेच जोडीदार असलेल्या स्त्रीलाही तो गाठण्याची शक्यता वाढते.

तिसरे कारण पोटापाण्याचे आहे. शाळा सुटते, घर सुटते, आणि मग सिग्नलवर मागणे किंवा देहविक्रय एवढेच उरते. तेथे निरोध वापरायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवते आणि न वापरण्याचे जास्त पैसे देऊ करते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले. त्या निर्णयाची गणना कोणी संसर्ग-प्रतिबंधात करत नाही. माझ्या मते ती करायला हवी. चौथे कारण आम्हा वैद्यकीय लोकांकडे बोट दाखवणारे आहे. केसपेपर काढताना पुरुषांच्या रांगेत उभे राहावे की स्त्रियांच्या, येथपासून ज्यांची अडचण सुरू होते, त्या व्यक्ती साधी जखम घेऊन लवकर दवाखान्यात येत नाहीत.

प्रश्न : मी २७ वर्षांची पारलिंगी स्त्री आहे, हिंजवडीत नोकरी करते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन वर्षांपासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेते. शस्त्रक्रिया केलेली नाही. पूर्वी काही जोडीदार होते. आता एकच आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली, लघवीची तपासणीही स्वच्छ होती आणि मला कसलाही त्रास नाही. आणखी काही तपासण्याची गरज आहे का? एचआयव्ही टाळण्याची रोजची गोळी घेतली तर हार्मोनचा परिणाम कमी होतो, असे मैत्रिणी सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : गरज आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात दडलेले आहे. लघवीची नेहमीची तपासणी लैंगिक संसर्ग शोधण्यासाठी नसते. परमा (गोनोरिया) किंवा क्लॅमिडिया या संसर्गांसाठी लघवीतून खास नाट चाचणी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) केली, तरी ती केवळ मूत्रमार्गाबद्दल सांगते. गुदमार्गातील आणि घशातील परमा व क्लॅमिडिया बहुतांश वेळा काहीही त्रास देत नाहीत आणि लघवीत दिसतही नाहीत. ज्या ज्या ठिकाणी संबंध आला, त्या त्या ठिकाणचा बोळा तपासावा लागतो. घसा, गुदमार्ग आणि लघवी अशी तिन्ही ठिकाणे एकाच वेळी तपासता येतात व हे नमुने स्वतःच घेण्याचीही सोय असते. पुण्यातील मोठ्या खासगी प्रयोगशाळांत नाट चाचणी होते, पण ती स्वस्त नाही. शासकीय केंद्रांत बहुधा लक्षणे पाहून उपचार देण्याची पद्धत आहे. स्राव असेल तर करड्या रंगाचे औषधांचे किट, वेदनारहित जखम असेल तर पांढरे, अशी ती व्यवस्था असते. ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी ती चांगली आहे, पण ज्याला त्रासच नाही तो तिच्या चाळणीतून निसटतो. म्हणून केंद्रात गेल्यावर संबंध कोणत्या मार्गाने आले हे तुम्ही आपणहून सांगावे, म्हणजे डॉक्टरांना त्याप्रमाणे तपासून औषध ठरवता येईल.

याबरोबर उपदंशासाठी आरपीआर किंवा व्हीडीआरएल, तसेच हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या कराव्यात. एचआयव्हीच्या निगेटिव्ह अहवालाची तारीखही पाहावी. साध्या रॅपिड चाचणीत नुकताच झालेला संसर्ग तीन महिन्यांपर्यंत दिसेलच असे नाही, तर प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीच्या चाचणीत तो साधारण सहा आठवड्यांत दिसतो. जोडीदाराची तपासणी तुमच्याबरोबरच व्हावी. एकच जोडीदार असणे हे संरक्षण ठरते, परंतु दोघांचे अहवाल हाती आल्यानंतरच.

गोळीबाबतची समजूत चुकीची आहे. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन यांची प्रतिबंधक गोळी, जिला प्रेप म्हणतात, ती इस्ट्रोजेनचे प्रमाण घटवत नाही. उलट दिशेने, म्हणजे इस्ट्रोजेनमुळे टेनोफोविरचे रक्तातील प्रमाण थोडे उतरते असे काही अभ्यासांत दिसले आहे, परंतु गोळी रोज घेतल्यास संरक्षण टिकते. म्हणून संबंधाच्या आधी दोन आणि नंतर दोन दिवस एकेक अशी जी प्रसंगानुरूप पद्धत काही पुरुष वापरतात, ती हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांनी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवरून ठरते. सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडाची चाचणी आवश्यक आहे. प्रेप एचआयव्हीपुरतीच आहे. गरमी आणि परमा तिला जुमानत नाहीत.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी माझ्या चेल्यांपैकी एकीला गरमी निघाली. इंजेक्शन घेतले, त्या रात्री तिला सडकून ताप आला. आता पुन्हा रक्त तपासले तर अहवाल अजून पॉझिटिव्हच आहे. औषध लागू पडले नाही का? घरातल्या बाकीच्या घाबरल्या आहेत. (एक गुरू, येरवडा)

उत्तर : औषध बहुधा लागू पडले आहे. उपदंशाच्या दोन प्रकारच्या रक्तचाचण्या असतात. टीपीएचए ही चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुतेकांत आयुष्यभर तशीच राहते, त्यामुळे बरे झाल्याचे तिच्यावरून ठरवता येत नाही. आरपीआर किंवा व्हीडीआरएल या चाचणीत मात्र १:८, १:३२ असे प्रमाण दिलेले असते आणि तेच पाहायचे असते. उपचाराच्या वेळी १:३२ होते आणि आता १:८ किंवा त्याहून खाली आले असेल, तर चौपट घट झाली आहे व उपचार योग्य मार्गावर आहे. काही जणींत ते १:१ किंवा १:२ वर वर्षानुवर्षे अडून राहते आणि त्याला पुन्हा औषध लागत नाही. उलट खाली आलेले प्रमाण पुन्हा चौपट वाढले, तर नव्याने संसर्ग झाला असे बहुधा समजावे लागते, कारण गरमी एकदा होऊन गेली म्हणून पुन्हा होत नाही असे नाही. दोन्ही अहवाल शक्यतो एकाच प्रयोगशाळेचे असावेत आणि दोन्ही सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. कागदावर केवळ ‘पॉझिटिव्ह’ असे लिहून प्रमाण न देणारी प्रयोगशाळा या कामी उपयोगाची नाही.

इंजेक्शननंतरचा ताप ही पेनिसिलिनची अॅलर्जी असेलच असे नाही. जंतू एकदम मरू लागल्यावर पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी आणि डोकेदुखी होते व ती आपोआप ओसरते. मी हे मुद्दाम लिहितो, कारण या तापाला अॅलर्जी समजून पुढची इंजेक्शने न घेतलेल्या व्यक्ती पाहण्यात येतात. संसर्ग ताजा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो. जुना किंवा केव्हा झाला हे न कळणारा असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस लागतात. तिला किती दिले होते याची खात्री करावी. मागील तीन महिन्यांतील जोडीदारांनाही उपचार मिळायला हवेत. तिचा कायमचा जोडीदार, ज्याला तुमच्यात गिरिया म्हणतात, तो तपासणीला नकार देत असेल, तर तिचे औषधपाणी पुन्हा पुन्हा करावे लागेल हे तुम्ही गुरू या नात्याने त्याला सांगू शकाल. डॉक्टरांपेक्षा तुमचा शब्द तेथे जड आहे.

एकत्र राहणे, एका ताटात जेवणे किंवा एकच संडास वापरणे यातून गरमी पसरत नाही. घरात कोणी हार्मोनची इंजेक्शने एकमेकींना देत असतील, तर तेथे मात्र धोका आहे. एकच सुई दोघींनी वापरल्यास एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बी आणि सी हेही पसरतात. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेल्या अशा इंजेक्शनांबद्दल माझे मत चांगले नाही, पण ती घेतलीच जात असतील तर प्रत्येकीची सुई आणि सिरिंज स्वतंत्र व नवी असावी.

प्रश्न : काल रात्री निरोध फाटला. काय करू?

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत वेळ निघून गेलेली असेल, म्हणून पत्रलेखिकेला वेगळे उत्तर पाठवले आहे, येथे इतरांसाठी लिहितो. शक्य तितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आतच, ससूनसारख्या मोठ्या शासकीय रुग्णालयात जाऊन घटना सांगावी. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो आणि पहिला डोस जितका लवकर तितका उपयोग अधिक. पोट किंवा गुदमार्ग आतून धुऊन काढू नये. त्याने अस्तराला इजा होते. निरोध वारंवार फाटत असेल तर वंगण कोणते वापरता ते पाहावे. खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा अंगाला लावायचे क्रीम यांनी लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होते. पाण्यावर आधारित वंगणच वापरावे.

प्रश्न : माझे लेकरू २१ वर्षांचे आहे. गेल्या वर्षी तिने आम्हाला सांगितले की ती मुलगी आहे. यजमानांनी ते स्वीकारायला वेळ लावला, पण ती घरीच आहे आणि शिक्षण चालू आहे. नातेवाईक म्हणतात की या मार्गाला गेलेल्यांना एड्स होतोच. मला रात्री झोप लागत नाही. आई म्हणून मी काय करावे? (हडपसर)

उत्तर : ताई, होतोच असे मुळीच नाही. वर दिलेल्या पाहणीचाच आकडा घेतला, तरी शंभरांतील शहाण्णव जणींना एचआयव्ही नव्हता, आणि त्या पाहणीतील बहुतेक जणी तुमच्या मुलीपेक्षा कितीतरी कठीण परिस्थितीत जगणाऱ्या होत्या. धोका संसर्ग झालेल्या व्यक्तीशी असुरक्षित संबंध आल्याने येतो. मुलगी म्हणून जगण्याने येत नाही. ती घरी आहे आणि शिकते आहे, यानेच पहिल्या उत्तरात लिहिलेली पोटापाण्याची वाट तिच्यापुरती बंद झाली आहे. तुम्ही विचारले म्हणून सांगतो, याहून मोठे काम आईला दुसरे करता आले नसते.

प्रत्यक्ष करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी झाली होती का ते पाहा. नसेल तर शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा द्याव्यात. दुसरी लस एचपीव्ही विषाणूची. ती केवळ गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असते असे समजून अशा मुलींना ती सुचवली जात नाही, पण हाच विषाणू गुदमार्गाचे व घशाचे कर्करोग आणि जननेंद्रियांवरील चामखिळी यांनाही कारण होतो. तुमच्या हडपसरच्याच सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्वाव्हॅक ही लस ९ ते २६ वयाच्या मुलींना आणि मुलग्यांना, दोघांनाही देता येते, म्हणजे कागदोपत्री लिंग काहीही असले तरी अडचण नाही. १५ वर्षांनंतर तीन मात्रा लागतात. संबंध येण्यापूर्वी घेतली तर लाभ सर्वाधिक; नंतरही काही लाभ राहतो.

तिच्या तपासण्या आणि अहवाल हा तिचा विषय आहे. ती सज्ञान असल्याने डॉक्टर ते तुम्हाला तिच्या संमतीशिवाय सांगणार नाहीत, आणि तुम्हीही डॉक्टरांना गुपचूप विचारू नये. ती केव्हा तरी स्वतःहून बोलली, तर आधी कोणाबरोबर हे न विचारता काही त्रास आहे का हे विचारावे.

प्रश्न : योनिनिर्मितीची शस्त्रक्रिया झाल्यानंतरही निरोध लागतो का?

उत्तर : लागतो. शिस्नाच्या त्वचेपासून मार्ग बनवला असेल तर परमा व क्लॅमिडिया तेथे तुलनेने कमी रुजतात, पण जखमा, जननेंद्रियांची नागीण (हर्पीज) आणि चामखिळी होऊ शकतात. मोठ्या आतड्याचा तुकडा वापरला असेल तर ते अस्तर या जंतूंना सहज बळी पडते. मूत्रमार्ग आणि प्रोस्टेट ग्रंथी दोन्ही प्रकारांत जागेवरच असतात. कोणत्या पद्धतीची शस्त्रक्रिया झाली याचा कागद जपून ठेवावा. ज्यांचे पारंपरिक पद्धतीने निर्वाण, म्हणजे लिंगछेद, झाले आहे, त्यांच्यात मूत्रमार्ग अरुंद होऊन जळजळ व अडखळत लघवी होणे हा प्रकार आढळतो. त्यावर परम्याची औषधे पुन्हा पुन्हा घेण्यात अर्थ नाही, शल्यचिकित्सक गाठावा.

प्रश्न : मी दौंडजवळ सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. अशा रुग्ण येतात, पण नेमके काय विचारावे याचा संकोच वाटतो आणि मग मी प्रतिजैविक लिहून मोकळा होतो.

उत्तर : डॉक्टरसाहेब, सुरुवात केसपेपरवर कोणते नाव लिहू या प्रश्नाने करावी. पुढे व्यवसायाबद्दल विचारण्याऐवजी शरीराबद्दल विचारावे: कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, कोणती औषधे चालू आहेत, आणि संबंध तोंडाने, गुदमार्गाने की अन्य मार्गाने आले. प्रश्न का विचारतो आहोत हे आधी एका वाक्यात सांगितले, तर बहुतेक रुग्ण न अडखळता उत्तर देतात. तपासताना घसा, हाताचे तळवे, पायाचे तळवे आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा पाहावी. तळव्यांवरील न खाजणारे लालसर डाग म्हणजे दुसऱ्या टप्प्यातील उपदंश असू शकतो, आणि आपल्याकडे त्यावर गजकर्णाचे मलम लिहिले जाते. परम्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन आता चालत नाही. जंतू त्याला सरावले आहेत. एचआयव्ही चाचणी रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करणे आणि तिचा निकाल इतरांना सांगणे, दोन्ही २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने निषिद्ध आहेत. दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या आपल्या कंपाउंडरलाही तो कायदा लागू आहे.

प्रश्न : पूर्वी पुण्यात आमच्यासाठी वेगळा दवाखाना होता, तो बंद झाला. आता कोठे जावे?

उत्तर : तुम्ही मित्र क्लिनिकबद्दल लिहिता आहात. हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथील ही केंद्रे अमेरिकी मदतीवर चालत होती आणि २०२५ च्या सुरुवातीस ती मदत थांबताच बंद पडली. हार्मोन, समुपदेशन आणि संसर्गाची तपासणी एका छताखाली, पारलिंगी कर्मचाऱ्यांच्याच हातून मिळण्याची ती सोय होती. तिची भरपाई शासकीय विभागांतून अजून पूर्णपणे होत नाही. एचआयव्ही आणि उपदंशाची मोफत चाचणी शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत होते, आणि इतर लैंगिक संसर्गांसाठी तेथेच सुरक्षा क्लिनिक नावाचा विभाग असतो. पुण्यात ससून आणि पिंपरीत यशवंतराव चव्हाण रुग्णालय येथे एचआयव्हीचे उपचारही मोफत मिळतात. जवळचे केंद्र कोणते हे १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. पहिल्यांदा जाताना प्रतिबंध प्रकल्पातील ओळखीच्या कार्यकर्तीला सोबत घ्यावे, कारण कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर बसतात आणि कोणाशी मोकळेपणाने बोलता येते, हे तिला ठाऊक असते.